चोडण, बिल्डचा तिसरा दिवस

आधी जुन्या कंपाइलरने नवा घडवला,
कालच्या दह्याने आजचं दूध विरजावं तसा.
मग नव्याने स्वतःलाच घडवलं,
आणि पुन्हा एकदा.
शेवटचे दोन शेजारी ठेवून बिट न् बिट ताडले:
जुळे. तीळभर फरक नाही.
एवढ्यावर काहीजण पेढे वाटतात.

पण आरशासमोर उभं राहून
कुणी स्वतःला खोटं ठरवत नाही.
म्हणून मी सगळंच उसवलं.
कर्नल, शेल, फॉन्ट, बुद्धिबळ,
भंगारात गेलेल्या प्रिंटरांचे ड्रायव्हर,
सहा हजार चारशे बारा पॅकेजं.
आयती बायनरी एकही नाही,
सगळं सोर्सपासून, नव्याच्या हातून.

टेबलाखालचा डबा तीन दिवस तापलेला.
लायट दोनदा गेली, इन्व्हर्टर किरकिरला.
आईने पंख्याच्या गरम वाऱ्यासमोर
सुपात सोलं वाळत घातली.
मे महिन्यात ऊन कमी पडलं का, म्हटलं,
तर म्हणाली, वारा फुकट जातो.

तिसऱ्या दुपारी सगळं हिरवं.
मशीन उठलं. माझं नाव विचारलं, मी दिलं,
त्याने घेतलं.
कर्सर लुकलुकत राहिला, घरचाच असल्यासारखा.

मग उगाच, जेवण व्हायचं होतं म्हणून,
एक चिमुकला प्रोग्राम उघडला,
भरती-ओहोटी सांगणारा.
तीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला,
मधल्या काळात कुणी हातही न लावलेला.
मांडवी, म्हणून टाइप केलं.
ओहोटी, तो म्हणाला.

खिडकीबाहेर फेरीचा धक्का अर्धा पाण्यात.
शाबलोकाका पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून
स्कूटर ढकलत होते,
आणि फेरीवाला त्यांना काय म्हणत होता
ते इथे लिहीत नाही.

तोच प्रोग्राम जुन्या कंपाइलरकडून बांधून घेतला.
भरती, तो म्हणाला. बिनचूक.

रात्री उशिरापर्यंत मशीनची भाषा चाळली.
सापडली ती जागा: एक ओळ होती, ती नव्हती.
लिहिणाऱ्याने विचारलं होतं,
आकडा शून्य तर नाही ना?
नव्याचा हिशेब सरळ होता:
पुढे याच आकड्याने भागायचंय,
म्हणजे तो शून्य नसणारच,
नसणारच तर विचारायचं कशाला?
पुढचं पाहून त्याने मागचं पुसलं.
आणि हे मशीन शून्याने भागताना
ओरडतही नाही. गप शून्य देतं.

हुशार होता. त्याचाच मला राग आला.

आमच्या खाजनाच्या बांधावर मानस आहे,
लाकडी झडपांची.
खाडी चढली की पाणीच झडप ढकलतं,
पाणी स्वतःचीच वाट बंद करतं.
तरी अमावास्येला शाबलोकाका टॉर्च घेऊन जायचे.
आपोआप मिटते ना? मी एकदा विचारलं होतं,
सात-आठ वर्षांची असेन.
मिटते गो, ते म्हणाले,
आणि चपला शोधायला लागले.

आठ ओळींचं उदाहरण केलं.
त्यात भरती नाही, मांडवी नाही,
नुसता एक शून्य, आणि त्याला अडवणारी अट.
पाठवून दिलं.
दोन दिवसांनी दुरुस्ती आली, आभारही आले,
आणि एक प्रश्न: बाकी सगळं ठीक चाललं ना?

काय सांगू.
सहा हजार चारशे अकरा प्रोग्रामांना
खिडकी कुठे आहे?

मी डिस्क पुसली.
आईने सोलं परतली, सूप थोडं पुढे सरकवलं.
पहिलं पॅकेज पुन्हा तेच, तो स्वतः.
पंखा लागला.
बाहेर पाणी उतरत होतं की चढत,
ते पाहायला उठले, चपला सापडल्या नाहीत,
तशीच गेले.